मदत हवी आहे: दादांचा आवाज असलेल्या कॅसेटला बुरशी

दादा (वडील) लालबागच्या गिरणीत साचेखात्यात (कापड विणण्याच्या विभागात) होते. 1982 च्या संपानंतर भाजीची गाडी लावली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. त्यांचा आवाज एकाच 60 मिनिटांच्या कॅसेटवर आहे: चाळीतलं भजन, आणि मध्येच आईला विचारलेलं, "पोरं जेवली का गं?" तेवढं निघालं तरी पुरे, भजन गेलं तरी चालेल.

फितीच्या कडेला पांढरी बुरशी आहे. एकदा टेपवर लावली, करकरली, लगेच काढली. पेन्सिलीने फिरते. खोक्याला स्क्रू नाहीत, चिकटवलेलं आहे. एक दुकानदार साफ न करताच लावतो म्हणाला, नको म्हटलं. कुरिअरने पाठवायची हिंमत नाही, मी डोंबिवलीत.

फीत न दुखावता खोकं कसं उघडू? आणि बुरशी कोरड्या कापडाने पुसू की आयसोप्रोपिल अल्कोहोलने?