टॅब उघडे ठेवावेत की बंद करावेत?

टिपणकार

ब्राउझरमध्ये तीस-चाळीस टॅब कायम उघडे ठेवण्याची सवय अनेकांना असते, कारण टॅब बंद केला की पान हातचे गेले असे वाटते. माझे मत असे की ही भीती अनाठायी आहे आणि वाचून झालेला टॅब लगेच बंद करावा. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबल्यावर परत येतो (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड), आणि पुन्हा पुन्हा दाबत गेल्यास त्याआधीचे टॅबही उलट्या क्रमाने उघडत जातात. क्रोमच्या खाजगी (इन्कॉग्निटो) विंडोतल्या टॅबना मात्र ही सोय नाही.

जुने पान शोधण्यासाठी अ‍ॅड्रेस बारसारखे (वरच्या, पत्ता दिसणाऱ्या पट्टीसारखे) साधन नाही. फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि एल दाबून तिथे जावे, ‘^’ हे चिन्ह लिहून एक जागा सोडावी आणि शीर्षकातला आठवेल तो शब्द लिहावा; केवळ इतिहासातली, म्हणजे आधी पाहिलेली, पाने समोर येतात. ‘*’ लिहिल्यास बुकमार्कमध्ये (खूण करून ठेवलेल्या पानांत) आणि ‘%’ लिहिल्यास उघड्या टॅबमध्ये शोध होतो. क्रोममध्ये हेच काम ‘@’ चिन्हाला जोडून इंग्रजीत हिस्टरी, बुकमार्क्स किंवा टॅब्स असे लिहिल्याने होते. एवढे हाताशी असताना टॅब सांभाळण्यासाठी वेगळे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) कशाला हवे?

पानोपानी

आपल्या युक्त्या उपयुक्त आहेत, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. अ‍ॅड्रेस बारमधला हा शोध मुख्यतः पानाचे शीर्षक आणि पत्ता यांतच होतो, पानातल्या मजकुरात नाही. एखाद्या लेखातला मधलाच परिच्छेद महत्त्वाचा वाटला आणि शीर्षक आठवत नसेल, तर इतिहास चाळत बसण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय क्रोममधला स्थानिक इतिहास 90 दिवसांपुरताच टिकतो, तेव्हा चार महिन्यांपूर्वी वाचलेले पान तिथे सापडणार नाही.

दुसरे असे की उघडा टॅब म्हणजे चालू काम असते. तीन पाने शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला ती बंद करून पुन्हा शोधायला सांगणे हा वेळेचा अपव्यय आहे. संगणक मंदावतो ही तक्रारही आता पूर्वीइतकी खरी नाही: फायरफॉक्सने 2021 मध्ये, 93 व्या आवृत्तीत, मेमरी कमी पडू लागल्यास न वापरलेले टॅब आपोआप उतरवून ठेवण्याची (टॅब दिसत राहतो, पण पान मेमरीतून काढले जाते) सोय विंडोजवर आणली आणि क्रोममध्येही मेमरी सेव्हर ही तशीच सोय आहे.

टिपणकार

शीर्षक आठवत नाही, ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर बुकमार्कमध्ये आहे, फक्त तो नीट ठेवायला हवा. कंट्रोल आणि डी दाबल्यावर जी चौकट उघडते तिच्यातले नाव बहुतेक जण आहे तसेच राहू देतात. तिथे स्वतःच्या शब्दांत, आणि मराठीतही, ‘भाडेकरार, नोंदणीचा परिच्छेद’ असे लिहिता येते. पुढे ‘भाडेकरार’ एवढे लिहिले तरी पान सापडते, मग 90 दिवस उलटले असोत वा वर्ष. उतरवून ठेवलेला टॅब पुन्हा निवडला की पान नव्याने लोड होते, आणि तोवर ते संकेतस्थळावरून काढले गेले असेल तर टॅब उघडा असूनही हाती काही लागत नाही. महत्त्वाचे पान पीडीएफ करून जतन करावे, हाच मार्ग खात्रीचा.

कुलूपकिल्ली

एक्स्टेन्शन कशाला, या प्रश्नाला थोडे उत्तर द्यावेसे वाटते, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब निजवणारे लोकप्रिय एक्स्टेन्शन 2020 मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि त्यात घातक कोड असल्याच्या कारणावरून फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते क्रोमच्या दुकानातून हटवले. ज्यांनी ते विश्वासाने घेतले होते त्यांना मालक बदलल्याची कल्पनाही नव्हती. म्हणून जे काम ब्राउझर स्वतः करतो त्यासाठी एक्स्टेन्शन घेऊ नये, इथपर्यंत मी टिपणकारांशी सहमत आहे.

परंतु पासवर्ड व्यवस्थापकाचे (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या प्रोग्रामचे) एक्स्टेन्शन पासवर्ड सुचवण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता जुळतो का हे पाहते, आणि हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर गप्प राहते. माणसाची नजर अशा वेळी सहज फसते. अशी मोजकी एक्स्टेन्शन्स जरूर ठेवावीत. क्रोममध्ये त्यांच्या तपशिलात जाऊन ‘सर्व संकेतस्थळांवर’ ही परवानगी ‘क्लिक केल्यावर’ अशी बदलता येते. मात्र पासवर्डसारख्या कामासाठी नेमकी संकेतस्थळे निवडून देणे सोयीचे पडते.

पानोपानी

एक्स्टेन्शनबाबतचा मुद्दा मला पटला. टॅबबाबत मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. नाव बदलून बुकमार्क करण्यासाठी पानाचे महत्त्व आधी कळलेले असावे लागते, आणि अभ्यास चालू असताना नेमके तेच ठाऊक नसते. तोवर मी एका विषयाचे टॅब एका गटात ठेवते, गटाला नाव देते आणि क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबून हवा तो टॅब शोधते. विषय संपला की अख्खा गट एकदम बंद करते.