बॉल झाकून उभा राहणारा डिफेंडर: फाउल की अक्कल?

शिटीवाला:
शनिवारी इथे एक पोस्ट आली. "डिफेंडर बॉलला पाय लावत नाही, नुसतं ढुंगण मागे काढून उभा राहतो, बॉल घरंगळत बाहेर जातो आणि रेफरी गोल किक देतो, म्हणजे बॉल डिफेंडरच्याच टीमला. हा उघड उघड अडथळा आहे, पण आपल्या रेफरींनी नियमाचं पुस्तक उघडलेलंच नसतं." खाली सत्तर अंगठे. अकरा वर्षं शाळा-कॉलेजच्या फुटबॉल मॅचेसना शिटी फुंकली आहे, त्यामुळे दोन दिवस गप्प बसलो तेच पुष्कळ झालं.

पुस्तक उघडलंय, साहेब. फुटबॉलचा नियम 12, फाउलचा. पाय लांब करून किंवा उडी मारून बॉलला लागता येईल एवढ्या अंतरावर तुम्ही असलात, तर समोरचा आणि बॉल यांच्या मध्ये उभं राहायचा तुम्हाला हक्क आहे. बॉलला पाय लावलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. अट एवढीच की हाताने किंवा अंगाने मागच्याला थोपवून धरायचं नाही. आणि याच्या लगेच पुढे असंही लिहिलंय की अशा माणसाला मागच्याने रीतसर खांदा द्यायला, म्हणजे खांद्याने रेटायला, हरकत नाही. हे वाक्य कोणीच वाचत नाही. फॉरवर्ड मागे उभा राहून दोन्ही हात वर करतो आणि रेफरीच्या तोंडाकडे बघतो. अरे, खांदा दे की!

बॉल चार मीटर लांब आहे आणि हा मुद्दाम तुमच्या वाटेत सरकतोय, तर तो अडथळा. अंगाला अंग लागलं नाही तर इनडायरेक्ट फ्री किक (थेट गोल मारता येत नाही), लागलं तर डायरेक्ट (थेट मारता येतो), आणि तेच डिफेंडरच्या गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये असेल तर पेनल्टी. वाटेत असणं वेगळं आणि वाटेत येणं वेगळं. सगळा वाद या दोन क्रियापदांत आहे.

नऊ_नंबर:
ती पोस्ट माझी. नियम तुम्हाला पाठ आहे, मॅच दिसत नाही. डिफेंडरचे हात बघितलेत कधी? शेतातल्या बुजगावण्यासारखे दोन्हीकडे पसरलेले असतात. "हाताने थोपवायचं नाही" म्हणता, मग ते काय, वारा घेत असतात?
आणि उलट बाजूला काय होतं? 2014 च्या वर्ल्डकपची पहिलीच मॅच, ब्राझील-क्रोएशिया. क्रोएशियाचा डिफेंडर लोव्हरेनचा हात ब्राझीलच्या फ्रेडच्या खांद्यावर जेमतेम टेकला, फ्रेड झोपला आणि रेफरी निशिमुराने पेनल्टी दिली. 1-1 ची मॅच तिथून फिरली. म्हणजे डिफेंडरचा हात लागला तर पेनल्टी आणि डिफेंडरचं ढुंगण लागलं तर गोल किक. ग्रेट.

रंकाळा_राइट_आउट:
कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या एकदा पावसाळ्याच्या तोंडाला. चिखलात बॉल थांबतोय, बाहेर जाईतोवर दोघं एकमेकाच्या अंगावर रेलून उभी, आणि निम्मी गॅलरी "फाउल", निम्मी "खांदा लाव लगा" म्हणून वरडत्या. रेफरीनं शिटी वाजवली तरी शिव्या, न्हाई वाजवली तरी शिव्या. पुस्तक वाचाय येळ कुठला?

मडगावकर:
आमच्या वेळचे बॅक अशी ढुंगणाची नाटकं करत नसत, सरळ बॉल मारून द्यायचे. आणि अंगाच्या खेळाचं काय सांगता? 1982 च्या वर्ल्डकपची सेमीफायनल आठवा, सेव्हिल. पश्चिम जर्मनीचा गोली शूमाखर फ्रान्सच्या बॅतिस्तोंच्या अंगावर असा आला की बॅतिस्तोंचे दोन दात गेले. रेफरीने काय दिलं? गोल किक. त्यापुढे हे ढुंगण म्हणजे आशीर्वाद.

शिटीवाला:
काका, तो फाउलच होता, तेव्हाही आणि आताही. रेफरीची चूक म्हणजे नियम नव्हे.

नऊ_नंबर:
हेच तर मी म्हणत होतो.

हॉकीवाला_पुणे:
मधे तोंड घालतो. आमच्याकडे अंग घालून बॉल झाकला की सरळ फ्री हिट. फुटबॉलमध्ये त्याच गोष्टीला कौशल्य म्हणतात. बस, एवढंच. चालू द्या.

चौदाखालच्याची_आई:
मला ढुंगण आणि गोल किकशी काही घेणं नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा, वजन अडतीस किलो. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावर समोरच्या टीमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, मिसरूड फुटलेला. खरं मिसरूड, दाढीची खुरटंही होती. त्याने खांदा दिला, माझा मुलगा उडाला, कॉलरबोन मोडलं. रेफरी काय म्हणाला माहितीये? "मॅडम, रीतसर खांदा आहे." सहा आठवडे हात गळ्यात होता. तुमच्या नियम 12 मध्ये वय चोरणाऱ्यांचा खांदा कसा मोजतात ते सांगा आधी.

स्टॉपर_चिंचवड:
ताई, वाईट झालं. पण रेफरी जन्मदाखला तपासत नाही. ते आयोजकांचं काम. फुटबॉल अंगाचा खेळ आहे, मुलाला एवढं जपायचं तर कॅरम लावा.

चौदाखालच्याची_आई:
कॅरम तुम्ही खेळा. हाड मोडल्याचा आवाज मी बाकड्यावर बसून ऐकलाय.

माजी_अंडर१६:
आता नाव नाही तर लिहूनच टाकतो. मी स्वतः दोन वर्षं कमी वयाच्या दाखल्यावर खेळलो. दाखला घरच्यांनी केला, सरांना माहीत होतं, सगळ्या टीमला माहीत होतं. कमी वयाच्या पोरांना खांदा द्यायचो तेव्हा स्वतःला फार भारी समजायचो. पुढे खऱ्या वयाच्या मुलांत उतरलो आणि तीन महिन्यांत बाकावर. बॉल झाकायला शिकलोच नव्हतो, गरजच पडली नव्हती.

रंकाळा_राइट_आउट:
भावा, निदान कबूल तरी केलंस. बाकीची अजून दाखल्यावरच खेळत्यात.

नऊ_नंबर:
फिफा सतराखालच्या वर्ल्डकपला 2009 पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय करते. आपल्याकडे गल्लीतल्या स्पर्धेला झेरॉक्स चालते.

चौदाखालच्याची_आई:
"निदान कबूल केलंस"? शाबासकी कसली देताय? यांच्यासारख्यांचा खांदा कोणाच्या तरी मुलाला लागला असेल.

माजी_अंडर१६:
लागला असेल. नाही म्हणत नाही.

स्टॉपर_चिंचवड:
झालं, रडारड सुरू. धागा काय होता आणि कुठे आला.

शिटीवाला:
कॅरमचं बोलून धागा इथे आणलात तुम्हीच. ताई, दोन प्रश्न विचारतो, राग मानू नका. खांदा खांद्याला लागला की पाठीला? आणि तेव्हा बॉल कुठे होता?

चौदाखालच्याची_आई:
पाठीला. आणि बॉल केव्हाच लाइनबाहेर गेला होता. माझा मुलगा थांबला होता.

शिटीवाला:
मग रीतसर खांदा कसला? बॉल खेळण्याच्या अंतरात असेल तरच खांदा देता येतो, तोही खांद्याला खांदा, कोपर अंगाजवळ ठेवून. बॉल बाहेर गेल्यावर पाठीवर जाणं म्हणजे कार्डच. समोरच्याची पर्वा न करता अंगावर गेलं तर निष्काळजीपणा, इजा होईल याची फिकीर न करता गेलं तर पिवळं, त्याच्याही पुढे लाल. वय, वजन यांचा शब्द नियमात नाही हे खरं, पण "पर्वा" आहे, आणि अडतीस किलोच्या पोराकडे बघून ती ठरवता येते. तो रेफरी चुकला. माझ्या बाजूचा माणूस होता म्हणून मी त्याला वाचवणार नाही.

नऊ_नंबर:
अरे वा, एक रेफरी चुकू शकतो! तारीख लिहून ठेवतो. आता बुजगावण्याच्या हातांबद्दलही काही कबुली?

शिटीवाला:
हात मागच्याच्या छातीवर टेकवून त्याला थोपवलं असेल तर फाउल, आणि हो, आम्ही तो दहातला आठ वेळा सोडतो. कारण सोडला नाही तर मॅच संपत नाही. मिळालं समाधान?

नऊ_नंबर:
आठ नाही, नऊ. पण चालेल.

मडगावकर:
तरी सरळ बॉल मारून दिला असता तर एवढं लिहावंच लागलं नसतं.