बाळ रात्रभर कोरडे राहिले, म्हणून पेढे वाटायचे का?

मानपाड्याची आई
आमचे बाळ ४ महिन्यांचे आहे. गेल्या ३ रात्री ते दहाला झोपते ते थेट सहाला उठते आणि सकाळी डायपरला हात लावावा तर तो कोरडा ठणठणीत असतो. सासूबाईंच्या मते बाळाला वळण लागले. ज्यांची मुले तीन-तीन वर्षांची होऊनही गादी ओली करतात, त्यांनी रात्री उठून पाजण्याचे लाड एकदा बंद करून पाहावेत, एवढेच सुचवते.

ऐरोलीचा बाप
मी गप्प बसणार होतो, पण शेवटच्या वाक्याने बसू दिले नाही. ताई, ४ महिन्यांच्या बाळाला असले वळण लागत नसते. त्या वयात मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते, ते धरून ठेवणे बाळाच्या हातात नाही. म्हणून ८ तासांत खरोखरच शू झाली नसेल, तर बाळ शहाणे झाले असा त्याचा अर्थ होत नाही. पोटात दूध कमी गेले किंवा अंगातले पाणी कमी झाले, अशी शंका घ्यावी लागते. पहिला आठवडा सरला की चोवीस तासांत निदान ६ वेळा लंगोट चांगला ओला व्हायला हवा. आपण मात्र रात्रीचे दूध तोडून वर त्याचा प्रचार करता आहात.

आमची मुलगी ५ महिन्यांची असताना मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी तिला जुलाब सुरू झाले. रात्री ती निपचित झोपली आणि आम्हाला वाटले, चला, आराम पडला. सकाळी डायपर बांधला तसाच होता. ती रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हते. तोंडात बोट घातले तर ते जिभेला चिकटले आणि टाळूवर हात फिरवला तर तिथे बशीसारखा खळगा लागला. घराजवळच्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने "सोमवारी या" असे सांगितले. आम्ही सोमवारची वाट पाहिली नाही. दुसरीकडे नेल्यावर सलाईन लावावी लागली. तेव्हापासून "रात्रभर कोरडे" हे शब्द कोणी कौतुकाने उच्चारले की माझ्या पोटात गोळा येतो.

नौपाड्याच्या आजी
जुलाब झालेल्या बाळाची गोष्ट धडधाकट बाळाला लावून त्या पोरीला घाबरवू नका. मी ३ मुले वाढवली आणि एकाचीही शू मोजली नाही. खरा घोळ तुमच्या डायपरचा आहे. लंगोट ओला झाला की बाळ रडून सांगायचे आणि आईला झोपेतही कळायचे. पावसाळ्यात दुपटी वाळत नसत, तेव्हा शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर ती शेकत असू. पण बाळ कोरडे की ओले, हा प्रश्न कधी कुणाला विचारावा लागला नाही. नवव्या महिन्यापासून पायांवर बसवून "शूऽऽ" केले की मूल मोकळे होई. आणि उन्हाळ्यात चमच्याने पाणी पाजायचो. सगळी जिवंत आहेत.

वाशीची, जुळ्यांची आई
आजी, त्या शेगडीचा धूर खात दुपटी शेकणारी बाई कोण होती, हेही लिहा. नोकरी करून, आठची लोकल पकडून दिवसाला पंधरा लंगोट कोण धुणार? डायपरला नावे ठेवणारे आमच्या घरी एक रात्र मुक्कामाला यावेत.

आणि मूळ पोस्टमधला टोमणा मलाही लागला आहे. माझी जुळी एकाच घरात, एकाच ताटात वाढली. मुलगी तिसऱ्या वर्षी रात्री कोरडी राहू लागली आणि मुलगा साडेपाचव्या. झोपेत शू कमी तयार करवणारे संप्रेरक काही मुलांत उशिरा जोर धरते, त्यात लाडाचा काही संबंध नाही. ५ वर्षांखालच्या मुलाने गादी ओली केली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतच नाहीत. सहा-सात महिने कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, फार तहान लागू लागली किंवा शू करताना रडू लागले, तर मात्र दाखवायला हवे.

खारघरची परिचारिका
बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून दोघांनाही थोडे टोचेल असे लिहिते. आजी, ६ महिन्यांच्या आत वरचे पाणी नको, अगदी ठाण्याच्या मे महिन्यातही नको. पाण्याने पोट भरते आणि दूध मागे पडते. उन्हाळ्यात वारंवार अंगावर पाजावे. वरचे दूध असेल तर डब्यावर लिहिले आहे तितकेच पाणी घालावे, पातळ करू नये. दादा, तुमची भीती खरी आहे. पण एका कोरड्या डायपरवर निकाल देता येत नाही. दिवसभराचा हिशेब, वजन, शूचा रंग आणि बाळाचा तजेला हे सगळे एकत्र पाहावे लागते. इतक्या लहान बाळाने सहा-आठ तास खरेच शू केली नसेल, तर डॉक्टरांना फोन करावा. सोबत उलटी, जुलाब, ताप किंवा सुस्ती असेल तर थांबूच नये.

फक्त आधी तो डायपर खरोखर कोरडा आहे का, हे पाहावे. आतली भुकटी शू शोषून तिची जेली करते आणि वरचा थर बोटाला कोरडाच लागतो. आम्ही डायपर काट्यावर ठेवतो. १ ग्रॅम वाढले की साधारण १ मिलिलिटर शू धरतो.

नौपाड्याच्या आजी
आता पोरांची शूसुद्धा तोलायची! आम्ही अडाणीच होतो म्हणायचे.

ऐरोलीचा बाप
अडाणी कोणी म्हटलेले नाही. पण "सगळी जिवंत आहेत" हे जिवंत राहिलेल्यांच्याच आया सांगतात, आजी.

वाशीची, जुळ्यांची आई
दादा, हे वाक्य लिहायची गरज नव्हती.

मानपाड्याची आई
माझ्या बाळाला आजारी आणि मला निष्काळजी ठरवून झाले असेल, तर सांगते. काल रात्री ओट्यावरचा, बेसन मोजायचा काटा घेतला. नवा डायपर ३४ ग्रॅम भरला आणि सकाळचा, तोच "ठणठणीत कोरडा", १२८ ग्रॅम. दिवसभरात ७ वेळा बदलला तो वेगळाच. तेव्हा बाळ कोरडे नव्हतेच, माझे बोट फसले. वळणाचे विधान मागे घेते. रात्री दोनला ते कुरकुरले की थोपटून झोपवत होते, तेही बंद करून काल पाजले. दादांचे एवढे ऐकले, याहून जास्त कौतुकाची अपेक्षा त्यांनी ठेवू नये.

ऐरोलीचा बाप
ठेवलेली नाही. ९४ ग्रॅम वाचून मात्र जीव भांड्यात पडला.

नौपाड्याच्या आजी
म्हणजे लंगोट असता तर काट्याची गरजच पडली नसती, हेच मी पहिल्यापासून सांगते आहे. पाण्याचे त्या परिचारिकाबाई म्हणतात ते ऐकेन. धाकटीचे बाळ जूनमध्ये येते आहे आणि तिच्या डॉक्टरनेही तेच बजावले आहे. डायपरबद्दल मात्र मला कोणी शिकवू नये, आणि तो काटा पोरीने घासून घ्यावा.