मे महिना, समुद्र आणि मित्रमंडळी: तुमचे अनुभव सांगा

महाराष्ट्र दिन शुक्रवारी किंवा सोमवारी आला की आमच्या ग्रुपवर 'चला रे कोकणात' असा मेसेज पडतो. सगळे अंगठे दाखवतात, गाडीत बसायच्या वेळी निम्मे गळतात. उरलेल्यांना घेऊन यंदा गुहागर केलं. महामार्गाला शिव्या घालत चिपळूण, तिथून खाली. व्याडेश्वराचं दर्शन घेऊन माडांच्या सावलीतून चालत गेलं की समोर लांबच लांब किनारा.

उन्हात किनाऱ्याकडे फिरकायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. उजाडताच डुंबायचं, मग घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि दुपारभर ओटीवर मेंढीकोट. एरवी ऑफिसात तोंडातून शब्द न काढणारा आमचा एक मित्र दश्शी गेली म्हणून बायकोशी तासभर बोलला नाही. जेवायला किती माणसं ते मात्र घरगुती खानावळीत सकाळीच कळवा. ऐनवेळी 'आणखी चौघं आहोत' म्हटलं तर काकू भात वाढवतील, मोदक कुठून आणतील? हेदवीची बामणघळ बघायची तर भरती गाठा. ओहोटीला ती नुसती खडकातली फट असते. भरतीला त्याच फटीतून पाण्याचा फवारा उंच उडतो.

तुम्ही कुठे गेलात, कोणाबरोबर, काय खाल्लंत? लिहा सविस्तर.

आक्षीकर

भरतीचा विषय निघालाच आहे तर आमच्या आजीचा हिशेब सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

पुण्याचे मित्र आले तेव्हा दशमी होती. साडेसातला भरती, म्हणजे दीडच्या आसपास ओहोटी. सगळ्यांना अलिबागचा कुलाबा किल्ला चालतच गाठायचा होता. मे महिन्यात, भर दुपारी! शिवाय अष्टमी-दशमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमजोर, पाणी पुरतं हटत नाही. पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून निघालो. दोघे 'आम्ही घोडागाडीने येतो' म्हणून मागे राहिले आणि आमच्या आधी पोचून गणपतीच्या देवळात सावलीला बसले. पाणी खरंच मागे गेलेलं हवं असेल तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघून या. तेव्हा ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे लागते, ऊनही उतरलेलं असतं. फक्त किल्ल्यात रेंगाळू नका. पाणी फिरलं की भराभर चढतं.

जाताना प्रत्येकाने पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या रो-रोवर गाडीच्या काचा उघडायची सोय नव्हती म्हणे, इतका वास!

मोरी मसाला

मालवण. तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ, तिथून रिक्षा. मे महिन्याची तिकिटं आता साठ दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात. त्यामुळे कोण येणार ते मार्चमध्येच वदवून घेतलं होतं.

सिंधुदुर्ग किल्ला पाहिलाच. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. पावसाळ्यासाठी होड्या मेच्या शेवटच्या आठवड्यातच बंद होतात, तेव्हा त्याआधी जा.

पण आमची खरी सहल झाली ती संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात. होड्या लागतात, वाळूतच ढीग पडतात आणि बोली इतक्या झपाट्याने चढते की कोणी काय घेतलं ते आपल्याला कळत नाही. आमचा नागपूरचा मित्र एका टोपलीपुढे हात मागे बांधून उभा. मावशी म्हणाल्या, "नुसतो बघूक इलंस, की घेवक?" याला ओ की ठो कळलं नाही, पण घाबरून 'हो' म्हणाला आणि टोपलीभर बांगडा घेऊन आला. मावशींनी मात्र प्रत्येक माशाचे कल्ले उचलून दाखवले. लालभडक हवेत, काळपट पडले तर मासा शिळा. राहत्या घरच्या काकींनी अर्धे तिरफळं घालून केले, अर्धे तळले. रात्री मंडळी सोलकढीची पातेली खरवडत होती.

माडाखालचं घर

आमच्याकडे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, म्हणून दुसरी बाजू. हात जोडून सांगते, गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू टणक लागते, फोटो छान येतात. भरती लागली की चाकाखालची वाळू सुटते आणि मग आमच्या ह्यांना ट्रॅक्टर शोधत हिंडावं लागतं. मे महिन्यात विहिरीही तळाला गेलेल्या असतात. समुद्रावरून आलात की अंगणातल्या नळावर एकदाच पाय धुवा, प्रत्येकाने अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभं राहू नका.

गेल्या मे महिन्यात मात्र निवृत्त शिक्षिकांचा एक गट आला होता. रात्री बारा वाजून गेले तरी अंगणात भेंड्या चालू. शेजारी काय म्हणतील म्हणून सांगायला गेले, तर माझ्या सासूबाईच त्यांच्यात बसून 'ळ'वर अडल्या होत्या.

जर्सीकर

आमच्याकडे अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी, मे महिन्याचा शेवटचा सोमवार. न्यू जर्सीच्या बहुतेक किनाऱ्यांवर उन्हाळ्यात पैसे भरून बिल्ला घ्यावा लागतो. वाइल्डवुडला फुकट, म्हणून मराठी मंडळींची पसंती तिकडेच! पाणी इतकं गार की मुलं सोडून कोणी आत जात नाही. आम्ही वाळूत चादरी टाकून भेळ कालवतो. लाकडी फळ्यांच्या रस्त्यावरून छोटी ट्रॅमगाडी रेकॉर्ड केलेल्या आवाजात 'बाजूला व्हा' सांगत फिरते. मित्राची आई दर वेळी तिला उत्तर देते, "अहो, होतेय ना!"

वाटसरू

आक्षीकर, तुमच्या आजींचा हिशेब मालवणला चालेल का?

आक्षीकर

चालेल, पण दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते. बंदरावरच्या होडीवाल्याला विचारून घ्या.