वॉरिक ‘डिक्लाइन’ करायचं का? (तातडीचं)

वैशाली, रेडिंग
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, दुपारी २.४०

नमस्कार मंडळी,

ओंकारचा निकाल लागला. ए-लेव्हलला (इथली बारावी) ए-स्टार, ए-स्टार, ए. म्हणजे केंब्रिजनं गणितासाठी मागितले होते तेवढे मिळाले. स्टेप ही गणिताची वेगळी परीक्षा, तिच्यात स्टेप-२ मध्ये १ ग्रेड. स्टेप-३ मध्ये मात्र २ आली, १ थोडक्यात हुकली. केंब्रिजच्या कॉलेजनं सकाळीच नाही म्हणून कळवलं. यूकॅसवर (विद्यापीठ प्रवेशाची वेबसाइट) दुसऱ्या पसंतीची वॉरिक विद्यापीठाची जागा आपोआप पक्की झालेली दिसतेय.

चिरंजीव म्हणतात वॉरिक नको. वर्षभर घरी राहतो, स्टेप परत देतो, केंब्रिजला परत अर्ज करतो. यूकॅसवर ‘डिक्लाइन माय प्लेस’ असं बटन आहे, ते आजच दाबायचंय म्हणे. ह्यांचं म्हणणं, सोमवारपर्यंत थांब. लॅपटॉपचा चार्जर सध्या माझ्या पर्समध्ये आहे. (फोनवरूनही दाबता येतं हे मला माहीत आहे, कृपया कोणी त्याला सांगू नका.)

दोनच प्रश्न. बटन दाबल्यावर वॉरिक परत मिळतं का? आणि न दाबता केंब्रिजचा अर्ज करता येतो का?

वैशाली

---

प्रसाद, स्लाऊ
दुपारी ३.०५

वैशालीताई, ओंकारचं अभिनंदन! दोन ए-स्टार म्हणजे पेढेच पाहिजेत.

शनिवारी तालमीला येतोय ना तो? ताशा त्याच्याशिवाय उभा राहत नाही. गणपती २७ ला आहेत आणि आगमनाची मिरवणूक अजून नुसती कागदावर आहे.

प्रसाद

---

अरुंधती (लिस्टचं काम पाहणारी)
दुपारी ३.३०

सर्वांना आठवण: ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. शिक्षणविषयक प्रश्न कृपया युवा विभागाच्या लिस्टवर. वैशाली, तुझ्यावर रोख नाही, पण मागे ‘ट्यूटर सुचवा’ धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

---

नीलेश, मिल्टन कीन्स
दुपारी ४.१५

युवा विभागाची लिस्ट गेल्या दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे इथेच लिहितो.

वैशालीताई, सोपं आहे. वॉरिकला फोन करून जागा पुढच्या वर्षावर ढकलून घ्यायची. ती हातात ठेवायची आणि ऑक्टोबरात केंब्रिजला अर्ज टाकायचा. झालं तर झालं, नाही तर वॉरिक आहेच. शिवाय केंब्रिजचा ऑगस्टमध्ये एक पूल (परत विचार करायच्या मुलांची यादी) असतो, त्यात नाव घालायला सांगा. आजच करा. निकालाच्या दिवशी जो आधी फोन करतो त्याचं काम होतं.

नीलेश

---

शुभदा, हॅरो
रात्री ९.५०

वैशाली, आज दिवसभर शाळेत मुलांच्या निकालातच होते, आत्ता मेल वाचली. मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे ए-लेव्हलच्या मुलांना, गणित शिकवते, त्यामुळे हा घोळ दर ऑगस्टला बघते. बटनाला हात लावू देऊ नकोस, एवढं आधी.

ते दाबलं की वॉरिकची जागा सुटते आणि मूल थेट क्लिअरिंगमध्ये (उरलेल्या जागांच्या फेरीत) जातं. मग वॉरिकनं परत घ्यायचं की नाही, ही त्यांची मर्जी. हक्क राहत नाही.

नीलेश म्हणतो तसं जागा पुढं ढकलून वर केंब्रिजचा अर्ज, हे यूकॅसमध्ये बसत नाही. पुढच्या वर्षाची जागा स्वीकारलेली असताना नव्या फेरीत दुसरा अर्ज करता येत नाही. ती सोडावी लागते, मगच अर्ज. दोन्ही दगडांवर पाय चालत नाही. आणि वॉरिकला नाव घालून, वर्गात बसून, ऑक्टोबरात गुपचूप अर्ज, हे तर मनातही आणू नका. अर्जात आधीचं सगळं शिक्षण लिहावंच लागतं. दुसऱ्या विद्यापीठातून मधेच केंब्रिजला बदली मिळत नाही, सुरू केलेली पदवी पुरी करावी अशी त्यांची अपेक्षा असते.

ऑगस्टच्या पूलबद्दल. नीलेश म्हणतो तो ऑगस्ट रीकन्सिडरेशन पूल, २०१९ पासूनचा. ज्यांची मुलाखत झाली पण जानेवारीत ऑफर मिळाली नाही, आणि जी मुलं इथल्या ठरावीक सामाजिक-शैक्षणिक निकषांत बसतात, त्यांच्यासाठी तो आहे. ओंकारकडे ऑफर होती, तो त्यात येत नाही. ऑफर थोडक्यात हुकलेल्यांचा विचार दुसऱ्या कॉलेजांत होऊ शकतो, पण ते आपलं कॉलेज ठरवतं, आपण फोन करून नाव घालत नाही. तरीही उद्या ओंकारनं स्वतः, तू नव्हे, कॉलेजच्या अ‍ॅडमिशन्स ऑफिसला दोन ओळींची सभ्य मेल टाकावी आणि विचारावं.

आता परत अर्ज करायचाच झाला तर कामं कोणती, ते त्याला वाचून दाखव. अर्ज १५ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ च्या आत. जुनं पर्सनल स्टेटमेंट चिकटवून चालणार नाही, या फेरीपासून एकसलग निबंध गेला, तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, मिळून ४,००० अक्षरं. रेफरन्स शाळेकडूनच घ्यायचा आणि शाळा सप्टेंबरात नव्या मुलांत बुडालेली असते, म्हणून सरांना आत्ताच मेल कर. डिसेंबरात परत मुलाखत. त्यातून ऑफर मिळाली तर परत स्टेपचीच अट, म्हणजे पुढच्या जूनमध्ये परत दोन पेपर.

आणि मला जे खरं वाटतं ते: गणितात वर्षभराची सुट्टी कॉलेजांना फारशी आवडत नाही. हात गंजतो. स्टेपच्या पेपरात १२ प्रश्न असतात, त्यातले चांगले सहा मोजतात, प्रत्येकी २०. तीन तास. माझ्याकडची मुलं घसरतात ती बहुधा एकाच कारणानं: आठ-नऊ प्रश्नांना हात लावून सगळे अर्धवट टाकतात. चार प्रश्न शेवटच्या ओळीपर्यंत नेले तर १ च्या आसपास जाता येतं. ओंकारचं तसंच झालं असेल तर ते वर्षभरात सुधारण्यासारखं आहे. पेपरात गणितच सुचलं नसेल तर घरी बसून सुचेल असं मला वाटत नाही, समोर कोणीतरी शिकवणारं लागतं. हे त्याला विचार. मार्क किती हे नको विचारूस, कुठल्या प्रश्नात कुठं थांबला ते विचार.

शुभदा

---

नीलेश, मिल्टन कीन्स
शुक्रवार, सकाळी ७.२०

शुभदाताई, तुमचा अभ्यास मोठाच, पण माझ्या पुतणीनं गॅप इयर घेतलं होतं आणि तिला ऑक्सफर्ड मिळालं. सकाळी चार-चार तास लायब्ररीत, दुपारी कॅफेत नोकरी. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं तिला. मुलाच्या मनात जिद्द असताना त्याला ‘आहे त्यात समाधान मान’ सांगणं हे आपलं टिपिकल आहे.

आणि ऑक्सफर्डला स्टेप लागत नाही! यंदा तिथे मॅट ही वेगळी परीक्षा आहे. तिकडेच अर्ज करा ना.

---

शुभदा, हॅरो
सकाळी ७.४५

पुतणी इतिहासाला गेली, नीलेश. इतिहासाला स्टेप नसते.

मॅटचं खरं आहे, पण तिची नोंदणी सप्टेंबरात संपते, आणि एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, एकच. ए-लेव्हलचं बघितलं तर तिथंही गणित आणि फर्दर मॅथ्स दोन्हींत ए-स्टार धरून ए-स्टार, ए-स्टार, ए, तेवढे त्याच्याकडे आहेत. विचार करायला हरकत नाही. पण ते चार्जर पर्समध्ये ठेवून ठरवायचं काम नव्हे.

---

सुहास, वॅटफर्ड
सकाळी १०.१०

मुलांनो, केंब्रिजच्या गणिताचं आणि मराठी माणसाचं नातं जुनं आहे. र. पु. परांजपे १८९९ साली सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे महाजनी. आमच्या लहानपणी पुण्यात नावाआधी ‘रँग्लर’ (त्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला) लावलेलं असलं की दुकानदारसुद्धा उठून उभा राहायचा. नारळीकर तर मे महिन्यात गेले आपल्यातून, तेही रँग्लर, आणि त्यांचे वडीलही. तेव्हा ओंकारनं हार मानू नये. जिद्दीनं केंब्रिजच!

ध्वजवंदन ११ वाजता आहे. हॉलची किल्ली माझ्याकडे नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय.

सुहासकाका

---

मंदार, कॉव्हेंट्री
दुपारी १.००

काका, दाखले पटले, पण ते नीलेशच्या बाजूचे नाहीत. परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकून पदवी घेऊन मग केंब्रिजला गेले. जयंतराव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठातून १९५७ साली बी.एस्सी. होऊन मग गेले. दोघांच्याही हातात आधी एक पदवी होती. घरी बसून वर्ष काढून रँग्लर झाल्याचा दाखला हा नव्हे.

वैशालीताई, मी वॉरिकपासून दहा मिनिटांवर राहतो. (विद्यापीठ कॉव्हेंट्रीच्या वेशीवर आहे. दरवर्षी कोणाचे तरी आईबाप वॉरिक गावात उतरून किल्ल्यासमोर उभे राहून मला फोन करतात. तुम्ही तसं करू नका.) तिथलं गणित म्हणजे केंब्रिज हुकलेल्यांचा वृद्धाश्रम नव्हे. मार्टिन हेअररला २०१४ चं गणिताचं फील्ड्स मेडल मिळालं तेव्हा तो वॉरिकचा प्राध्यापक होता. आणि ओंकारसारखी स्टेपच्या एका ग्रेडनं केंब्रिज हुकून आलेली मुलं त्या वर्गात भरपूर असतात. साधा हिशेब आहे: केंब्रिजला गणिताच्या जागा वर्षाला अडीचशेच्या आसपास, ऑफर मात्र त्याच्या दुप्पट काढतात, कारण स्टेप निम्मी गाळते हे त्यांना आधीच माहीत असतं. ओंकार काही एकटा पडलेला नाही.

आता मुख्य मुद्दा, जो इथे अजून कोणी काढला नाही. केंब्रिजला गणिताचा पार्ट थ्री असतो, एका वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम. बाहेरून पदवी घेऊन येणाऱ्यांनाही तो करता येतो, त्यांना ‘मास्टर ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी’ मिळते. दरवर्षी बाहेरची कितीतरी मुलं येतात. मुख्य अट, पदवीला खणखणीत फर्स्ट. तिथे कोणी विचारत नाही की अठराव्या वर्षी स्टेप-३ ला किती होते. संशोधनाकडे जायचं असेल तर केंब्रिजची जी वर्षं उपयोगी पडतात त्यातलं हेच एक. माझ्या भाच्यानं हेच केलं. त्याच्या वर्गातली जी मुलं पहिल्यापासून केंब्रिजमध्ये होती त्यांच्याशी पार्ट थ्रीच्या पहिल्या टर्मला जमवून घेताना तो रडकुंडीला आला होता हेही सांगतो, गुळगुळीत चित्र नको. ख्रिसमसला घरी आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर नोट्स, आणि आमटीचे डाग पडलेला एक्झाम्पल शीट. पण तरला.

ओंकारला एकदा कॅम्पस दाखवायला आणा, जेवायला आमच्याकडेच. गणिताची इमारत दाखवतो.

मंदार

---

नीलेश, मिल्टन कीन्स
दुपारी १.३०

पार्ट थ्रीचे पैसे कोण भरणार? ते पण सांगा. इकडे यंदा (२०२५-२६) पदवीचीच फी वर्षाला ९,५३५ पौंड झालीय.

---

मंदार, कॉव्हेंट्री
दुपारी १.४०

गॅप इयरमध्ये घरी बसलेल्याला कोण पोसणार ते आधी सांगा. आणि इकडच्या मुलांना मास्टर्ससाठी वेगळं कर्ज मिळतं.

---

अरुंधती (लिस्टचं काम पाहणारी)
दुपारी २.१५

नीलेश, मंदार, पुढचं एकमेकांना फोनवर. आणि युवा विभागाची लिस्ट ‘बंद’ नाही, तिच्यावर कोणी लिहीत नाही, यात फरक आहे. ती सुरू ठेवायला मी वार्षिक सभेत विनंती केली होती तेव्हा हात कोणी वर केला ते इतिवृत्तात आहे.

हॉलची किल्ली प्रसादकडे आहे.

---

प्रसाद, स्लाऊ
दुपारी २.२०

किल्ली माझ्याकडे नाही. माझ्याकडे स्टोअररूमची आहे.

---

वैशाली, रेडिंग
शनिवार, सकाळी ११.३०

सगळ्यांचे आभार.

शुभदा, तू सांगितलंस तसं विचारलं. आधी दार आपटलं. मग रात्री साडेदहाला वही घेऊन खाली आला आणि एक प्रश्न मला (मला!) समजावून सांगायला लागला. सात प्रश्नांना हात लावला होता, पुरे झाले दोन. बाकी सगळीकडे ‘इथून पुढे येतं मला, वेळ नव्हता’. शाळेच्या सरांना त्यानंच मेल टाकली आहे, कॉलेजलाही. कॉलेजचं उत्तर आलं: दुसऱ्या कॉलेजांकडूनही काही झालेलं नाही, शुभेच्छा. सभ्य होतं.

बटन दाबलेलं नाही. चार्जर परत दिला. सोमवारी वॉरिकच्या हॉलच्या खोलीचा फॉर्म भरायचा असं सध्या ठरलंय. ‘सध्या’ हा शब्द त्याचा आहे. पार्ट थ्रीबद्दल काल रात्री वाचत बसला होता, आज सकाळी ऑक्सफर्डच्या मॅटचे जुने पेपर उघडलेले दिसले, त्यामुळे मी काहीच बोलत नाहीये.

मंदार, पुढच्या रविवारी येतो आम्ही तिघं. जेवण साधं करा.

प्रसाद, तालमीला येतोय तो. ताशाची कातडी सैल झालीय म्हणतो, स्टोअररूम उघडून ठेव.

वैशाली

---

प्रसाद, स्लाऊ
सकाळी ११.३५

उघडून ठेवतो. पण हॉल कोण उघडणार?