फ्लड झोनमधून घर बाहेर काढणे: लोमाच्या (घर पूरक्षेत्राबाहेर असल्याच्या, फेमा या अमेरिकी सरकारी आपत्ती संस्थेच्या पत्राच्या) अर्जाबद्दल ई-मेल लिस्टवरची चर्चा

विषय: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र, लोमा कसा करायचा?

नमस्कार मंडळी,
घर सॉमरसेट काउंटीत, न्यू जर्सी. रिफायनान्सच्या वेळी बँकेनं कळवलंय की घर एई झोनमध्ये (फेमाच्या नकाशावरच्या पूरक्षेत्रात) आहे, ४५ दिवसांत फ्लड पॉलिसी घ्या, नाहीतर आम्ही घेऊन हप्त्याला जोडू. प्लॉटची मागची हद्द ओढ्याला लागते, पण घर चढावर आहे आणि वीस वर्षांत पाणी आलेलं नाही. एका कंपनीनं "झोन बदलून देतो, गॅरंटी" म्हणून ठोक रक्कम सांगितली आहे. ती द्यावी का? तळघर आहे, त्यामुळे अर्ज फेटाळला जातो का? जाणकारांनी सांगावं.
– स. जो.

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

ताई, गॅरंटीवाल्यांना पैसे देऊ नका. गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कारण निकाल एकाच तुलनेवर लागतो: घराला टेकलेल्या जमिनीची सर्वांत कमी उंची विरुद्ध त्या जागेची पूरपातळी. पहिलीला एलएजी म्हणतात, दुसरीला बीएफई. एलएजी बीएफईइतकी किंवा वर असेल तर लोमा मिळतो. दशांश फुटानं जरी खाली असेल तरी मिळत नाही, आणि दशांश फूट म्हणजे सव्वा इंचसुद्धा नाही. वीस वर्षं पाणी आलं नाही, आयडा वादळाच्या वेळीही अंगण कोरडं होतं, असे फोटो जोडून काही उपयोग नाही; फेमा ते विचारात घेत नाही.

सर्व्हेअरला बोलावण्याआधी घरबसल्या एक काम करा. फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकून फर्मेट (पूरनकाशाचा आपल्या घरापुरता तुकडा) काढा, फुकट मिळतं. घराचा ठसा नेमका कुठे पडतो ते बघा. फक्त मागचं परसू पूरक्षेत्राच्या रंगीत पट्ट्यात असेल आणि घर स्पष्टपणे बाहेर असेल, तर चूक बँकेसाठी झोन तपासणाऱ्या फ्लड सर्टिफिकेटवाल्याची आहे, कारण सक्तीचा विमा इमारतीला लागतो, परसाला नाही. अशा वेळी लोमाच्याच अर्जावर "नकाशावरच बाहेर" असा निकाल मागता येतो आणि उंची मोजावी लागत नाही. बँकेचं पत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत बँक आणि तुम्ही मिळून फेमाकडे फेरतपासणीही मागू शकता. तिची फी ८० डॉलर, पण तिथे फक्त नकाशावरचं स्थान तपासतात, उंची नाही.

घर पट्ट्यात असेल तर पुढचं वाचा. नकाशावर बीएफई बहुधा पूर्ण फुटांत छापलेली असते, उदाहरणार्थ ४३. खरी तुलना दशांशात होते आणि तो आकडा फ्लड इन्शुरन्स स्टडी या फेमाच्या अहवालातल्या नदीच्या आलेखावरून काढतात. पाण्याला उतार असतो, म्हणून प्रवाह ज्या बाजूनं येतो तिकडच्या, म्हणजे घराच्या वरच्या टोकाची पातळी धरतात. पुष्कळ अर्ज इथेच गडबडतात: मालक खालच्या टोकाचा आकडा घेऊन बसतो आणि फेमा वरच्या टोकाचा, त्यात दोन-तीन दशांश जातात.

दुसरी गडबड डेटमची, म्हणजे उंची ज्या शून्यापासून मोजतात त्याची. जुन्या कागदांवर एनजीव्हीडी २९, नव्या नकाशांवर एनएव्हीडी ८८. आपल्या भागात एकाच दगडाची उंची जुन्या मापात साधारण फुटानं जास्त दिसते. जुन्या एलिव्हेशन सर्टिफिकेटवरचा (सर्व्हेअरनं दिलेल्या उंचीच्या दाखल्यावरचा) आकडा नव्या बीएफईशी सरळ ताडलात तर नापास घर पास झाल्यासारखं वाटतं. सर्व्हेअरला सांगा: डेटम स्पष्ट लिहा आणि नकाशाच्याच डेटममध्ये द्या.

तळघराची काळजी नको. जमीन नैसर्गिक असेल तर तळघराची फरशी बीएफईच्या खाली असली तरी लोमा अडत नाही. मात्र वॉकआउट तळघर (दारातून थेट अंगणात निघणारं) असेल तर मागच्या दारापाशी जमीन जिथे भिंतीला टेकते तीच तुमची एलएजी. घराला जोडलेला डेक, त्याचे खांब, जिन्याची शेवटची पायरी, जोडलेलं गॅरेज हे सगळं घरातच धरतात. दर्शनी भिंत ४३.१ वर, बीएफई ४२.६, आणि डेकचा जिना उतारावर ४२.४ ला टेकलेला: अर्ज नापास. नव्या एलिव्हेशन सर्टिफिकेटमध्ये सी२ मधल्या एच ओळीत डेक-जिन्याची उंची वेगळी विचारतात. ती ओळ कोरी ठेवू देऊ नका.
– मो. का., सर्व्हेअर

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

काकांच्या मेलला कागदपत्रांची पुरवणी.

एका घरासाठी किंवा एका प्लॉटसाठी एमटी-ईझी फॉर्म. पहिला भाग मालकाचा, उंचीचा भाग परवानाधारक सर्व्हेअर किंवा इंजिनिअरचा. एलिव्हेशन सर्टिफिकेट जोडलं तर उंचीचा भाग पुन्हा भरावा लागत नाही. लोमासाठी फेमा काही फी घेत नाही, खर्च फक्त सर्व्हेअरचा. सोबत फर्मेट आणि नोंदणीकृत प्लॅट मॅप (प्लॉटच्या हद्दींचा नकाशा). प्लॅट नसेल तर नोंदणीकृत डीड (मालकीखत) आणि त्याबरोबर टॅक्स मॅप, ज्यावर प्लॉट आणि जवळचा चौक दिसतो.

सर्वांत जास्त अर्ज कशावर अडकतात? डीडवर. क्लोजिंगच्या (घरखरेदीच्या) फाइलमधली प्रत बहुतेक वेळा नोंदणीच्या शिक्क्याआधीची असते. काउंटी क्लार्कचा शिक्का, बुक आणि पान क्रमांक असलेली प्रतच लागते. ब्लॉक आणि लॉट नंबर डीडवर एक आणि टॅक्स मॅपवर दुसरा असेल तर तेही आधी निस्तरा. आणि अर्ज इमारतीसाठी आहे की सगळ्या प्लॉटसाठी, ते नीट ठरवा. पूर्ण प्लॉट मागितलात तर प्लॉटचा सर्वांत खोल कोपरा बीएफईच्या वर लागतो. ओढ्याला लागून हद्द असताना तो नाद सोडा, फक्त इमारत मागा.

ऑनलाइन भरा, कागदी लखोट्यापेक्षा मागोवा घेणं सोपं जातं. सगळी माहिती पोचल्यापासून ६० दिवसांत निर्णय येतो. फेमानं काही जादा मागितलं तर द्यायला ९० दिवस, नाहीतर फाइल बंद. सरळसोट केस असेल तर सर्व्हेअर ई-लोमा या फेमाच्या ऑनलाइन सोयीतून करू शकतो, तिथे उत्तर जवळपास लगेच मिळतं. सर्व्हेअर ठरवतानाच तो ई-लोमा करतो का, एवढं विचारून घ्या.

बँकेच्या ४५ दिवसांत हे बसणार नाही. तोवर पॉलिसी स्वतः घ्या. बँकेनं लावलेली बहुधा महाग पडते.
– नी. रा.

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

आमच्या डेव्हलपमेंटमध्ये बिल्डरनं भर टाकून प्लॉट उंच केले होते म्हणतात. तरी लोमाच का? आणि काकांच्या उदाहरणासारखा स. जो. ताईंचाही जिना दोन दशांशानं नापास होत असेल तर तिथे आज दोन ट्रक माती टाकली तर?
– अ. पे.

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

भर कधी पडली यावर सगळं आहे. त्या जागेला पूरक्षेत्र दाखवणारा पहिला नकाशा यायच्या आधीची भर असेल तर नैसर्गिक जमीन धरून लोमाच. नंतरची असेल तर लोमर-एफ (भर टाकून उंच केलेल्या जागेसाठीचं फेमाचं पत्र): एमटी-१ फॉर्म, फी आणि टाउनशिपच्या फ्लडप्लेन अधिकाऱ्याची सही, की ही जागा पुरापासून पुरेशी सुरक्षित आहे. भरीवरच्या घराला तळघर असेल तर त्या सहीसाठी अधिकारी हात आखडता घेतो, आणि ते बरोबरच आहे: भरीतून पाणी मुरून तळघरात येतं. फ्लडवेमधल्या (पुराच्या मुख्य प्रवाहाच्या पट्ट्यातल्या) भरीला लोमर-एफ मिळतच नाही.

दोन ट्रक माती मात्र नको. नवी भर म्हणजे लोमा गेला, लोमर-एफ आला. शिवाय न्यू जर्सीत पूरक्षेत्रात भर टाकायला राज्याचे वेगळे नियम आहेत. राज्याची पूरपातळी फेमाच्या पातळीहून वर असते आणि जुलै २०२३ पासून नदीकाठच्या भागात ती आणखी २ फुटांनी वाढली आहे. त्यामुळे फेमाचं पत्र हातात असलं तरी उद्या मागे खोली वाढवताना राज्याच्या परवान्यात तोच प्लॉट पूरक्षेत्रात निघू शकतो.
– मो. का.

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

लोमाचं पत्र आल्यावर ते आपोआप बँकेत जात नाही. तुम्हीच पाठवा आणि सक्ती काढल्याचं लेखी घ्या. पत्रात बहुधा "मालमत्तेचा काही भाग पूरक्षेत्रातच आहे" असं वाक्य असतं. ते वाचून बँकेतला माणूस बिचकतो. इमारत काढली आहे ती ओळ त्याला दाखवा. तरीही बँक स्वतःच्या धोरणानुसार विमा मागू शकते, कायदा तिला अडवत नाही.

चालू वर्षाचा प्रीमियम परत मिळू शकतो, त्या वर्षात क्लेम नसेल तर. पण "लोमा झाला की पॉलिसी स्वस्त" हा जुना हिशोब विसरा. रिस्क रेटिंग २.० ही फेमाची दर ठरवण्याची नवी पद्धत आल्यापासून, म्हणजे नव्या पॉलिसींना ऑक्टोबर २०२१ आणि जुन्यांना एप्रिल २०२२ पासून, प्रीमियम झोनवर ठरत नाही. लोमानं सक्ती जाते, दर तोच राहतो. माझ्या मते पॉलिसी ठेवावी: इमारतीला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत मिळतात, आणि सोडून पुन्हा घेतली तर ३० दिवस थांबावं लागतं. सांगली-कोल्हापूरकडच्यांना नदीकाठची लाल रेषा ठाऊक असेल, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. एईची कल्पना तीच. दर वर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांच्या कर्जात साधारण २६ टक्के. पत्रानं घर काही इंचांनी रेषेच्या वर ठरलं, एवढंच.

आणखी एक: नवा नकाशा लागू झाला की जुनी पत्रं आपोआप टिकत नाहीत. टाउनशिपकडे फेमाची पुनर्मान्यतेची यादी येते, तिच्यात आपला केस नंबर आहे का ते बघा. नसेल तर त्याच सर्टिफिकेटवर पुन्हा अर्ज.
– वि. कु., विमा

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

सर्वांचे आभार. घर पट्ट्यातच आहे. बीएफई ४२.६ निघाली, भिंती सगळ्या ४२.९ च्या वर, अडचण फक्त डेकच्या जिन्याची. मातीऐवजी दुसरा मार्ग?
– स. जो.

उत्तर: बँकेचं फ्लड इन्शुरन्सचं पत्र

जिना ओढ्याकडून काढून चढाच्या बाजूनं उतरवा, टाउनशिपचा परमिट घेऊन. डेकचे खांब कुठे टेकतात तेही त्याच वेळी बघा, खालचा खांब ४२.५ ला असेल तर जिना हलवून काही साधणार नाही. काम पूर्ण झाल्यावरच सर्व्हेअरला बोलवा, आधीची मोजणी चालत नाही.
– मो. का.