मांजर, पाहुणे आणि भरलेलं घर: तुमचेही अनुभव लिहा

आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर जिन्यात एक मांजरी, तोंडात पिल्लू धरून उभी. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि सरळ आत शिरली. एकदम आजोळ आठवलं, कणकवलीजवळचं. तिथली मनी एरवी चुलीच्या उबेला पडून असायची. गणपतीला आम्ही सगळे मुंबईहून उतरलो, वीस-बावीस माणसं, की ही माळ्यावर. तीन-चार दिवस दर्शन नाही. मी रडत शोधत फिरायचे. आजी म्हणायची, "तिका माणसांचो आवाज सोसणा नाय. भूक लागली काय येतली."

आणि यायची ती गौरीपूजनालाच! आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य, वडे-सागोती. मटण शिजायला लागलं की शिडीच्या टोकाला आधी दोन कान दिसायचे. गौरीचं पान वाढून झालं की आजी चुलीमागे करवंटीत मनीचा वाटा ठेवायची, मग आमची पंगत. आजी जाऊन बारा वर्षं झाली. घर आता वर्षातून दहा दिवस उघडतं. मनीच्या वंशातलं कुणी तिथे फिरत असेल का, सकाळपासून तेच डोक्यात आहे.

----

करवंटी वाचून डोळे भरले गं.

----

सासूबाईंनी गच्चीवर साबुदाण्याचे पापड घातले होते. आमचा बोका ओल्या पापडांवरून या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेला. अकरा पापडांवर पावलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी ते अकरा वेगळे वाळवले, डब्यात वेगळे ठेवले आणि दिवाळीत नातवाला दाखवले, "हे तुझ्या बोक्याचे."

----

पापडवाल्या ताई, साबुदाणा रात्रभर भिजवता का? माझे तळताना फुटतात.

----

हो, रात्रभर. आणि शिजवताना पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, घाई नाही. बाकी संध्याकाळी लिहिते, कुकर लागलाय.

----

एक कळकळीची विनंती. पाहुणे आले की प्रत्येकजण मांजराला वाटीभर दूध देतो. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं तर अजिबात नको, त्यांना ते विषारी असतं. आमची चिंगी मामेबहिणीच्या साखरपुड्यानंतर दोन दिवस सलाइनवर होती. कुणी काय भरवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

----

बापरे. आता बरी आहे ना?

----

हो, आता कपाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवते :)

----

आमच्याकडे नागपूरहून काका आले होते. खाली फिरणाऱ्या मांजरीच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं बघून फार अस्वस्थ झाले, कोणी इतकं क्रूर वागलं म्हणून. नसबंदी झाल्याची खूण असते ती, भूल दिलेली असतानाच करतात, परत पकडू नये म्हणून. सांगितलं तेव्हा कुठे जेवले. जाताना तिच्यासाठी सुकट ठेवायला पैसे देऊन गेले.

----

भाचा सुट्टीला आला आणि झोपलेल्या मांजरीला उचलायला गेला. ओरखडा. वहिनी म्हणाली हळद लाव. मी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धरून ठेवला आणि तसंच दवाखान्यात नेलं, रेबीजची लस सुरू केली. वहिनीला राग आला होता, आला तर आला. यात थांबायचं नसतं. मांजरीचा काही दोष नाही, झोपेतून दचकली बिचारी.

----

बरोबर केलंत.

----

मी इंग्लंडमध्ये. बाबा आई गेल्यानंतर पहिल्यांदा आले, पाच महिने राहिले. दिवसभर खिडकीशी बसायचे, बोलणं जवळजवळ बंद. शेजाऱ्यांचं एक करडं मांजर रोज दहाच्या सुमारास कुंपणावरून यायचं. बाबांनी दार उघडायला सुरुवात केली. मला आधी भीती, कुणाचं असेल, हरवलेलं असेल? इथे जून २०२४पासून मांजरांना चिप सक्तीची आहे, म्हणून तपासून आणलं. चार घरं सोडून राहणाऱ्या आजींचं निघालं. मग त्या आजी चहाला यायला लागल्या. बाबांचं इंग्रजी मोडकं, त्यांना ऐकू कमी, तरी तासभर गप्पा! बाबा परत गेले मार्चमध्ये. ते अजून दहाला येतं. मी व्हिडिओ कॉल लावते, बाबा "ये रे" म्हणतात, ते फोनच्या मागे जाऊन वास घेतं.

----

ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय आणि शेजारची विचारतेय काय झालं.

----

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. धागाकर्ती, तुमच्याकडचं कितवं घर? पिल्लं किती आहेत?

----

मघाशी तिसरं आणलं. वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलीत, जुनी नऊवारी अंथरून दिली. उद्या नणंद, तिचे यजमान, दोन मुलं चार दिवसांसाठी येताहेत. फोन करून सांगितलं, न्हाणीघराकडे पळायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, धुणं मी हाताने धुणार. नणंद म्हणाली, "वहिनी, मग बांगडे घेऊन येऊ का?"